आमच्या गल्लीत मैथिली जिवंत होती

दानम्मा बिराजदार पहिल्यांदा वाचनालयात आली तेव्हा तिच्या हातांना कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ होतं आणि मी तिला दारातच अडवलं. कपाटात पीठ गेलं की मागोमाग झुरळं येतात, हे सुनावलंही. ती निमूटपणे बाहेर उभी राहिली. तिला पुस्तक न्यायचं नव्हतं, पुस्तक वाचून दाखवणारं माणूस न्यायचं होतं.

शेळगीतलं आमचं वाचनालय म्हणजे समाजमंदिरामागची एक खोली, सात कपाटं आणि मी, जाहिदा मुजावर. घरात आम्ही दखनी बोलतो, पण मी शिकले मराठी शाळेत, ग्रंथपालाचा कोर्स मराठीत केला आणि रागावतेही मराठीतच. गल्लीत मला फटकळ म्हणतात. त्यात खोटं काही नाही. पुस्तकाची पानं दुमडणाऱ्याला मी आठवडाभर दुसरं पुस्तक देत नाही, मग तो नगरसेवकाचा भाऊ का असेना. वाचनालय दुपारी एक ते चार बंद असतं आणि ते तीन तास माझ्या हक्काचे असतात. त्या तासांवर या बाईचा डोळा होता.

दानम्मा मूळची दुधनीची. कन्नड शाळेत चौथीपर्यंत शिकलेली, त्यामुळे कन्नड अक्षर तिला लागायचं, मराठी लागायचं नाही. सतराव्या वर्षी लग्न होऊन सोलापुरात आली. नवऱ्याला सगळे आण्णा म्हणायचे. आण्णा कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली तेव्हा तिनं घराच्या पुढच्या पत्र्याच्या खोलीत चुली घातल्या आणि कडक भाकरी करायला सुरुवात केली. पाच बायका, चार चुली. पातळ भाकरी थापायची, तव्यावर भाजायची, मग चुलीच्या कडेला उभी करून पापडासारखी कडक होईपर्यंत वाळवायची. बांधलेले गठ्ठे पुण्याला जायचे. तिच्या भाकरीचा काठ कधी फाटायचा नाही. माझा फाटतो, हे तिनं मला तोंडावर सांगितलेलं आहे.

ती ज्या पुस्तकासाठी आली होती त्याचं नाव 'आभाळ अंगणीचं'. या नावाची एक मालिका तेव्हा टीव्हीवर चालू होती. पुण्याच्या एका प्रकाशकानं तिच्यावर कादंबऱ्या काढल्या होत्या, दर चार-पाच महिन्यांनी एक भाग. मुखपृष्ठावर नटनट्यांचे फोटो आणि खाली पट्टीवर छापलेलं, 'मालिकेची अधिकृत कादंबरी'. असली पुस्तकं कादंबऱ्यांच्या कपाटात ठेवायला माझा जीव होईना, म्हणून मी ती पाककृती आणि राशिभविष्याच्या शेजारी ठेवली होती.

मालिका टीव्हीवर असताना पुस्तक कशाला, असं मी विचारलं. तर मालिका पूर्वी रात्री साडेनऊला लागायची, ती दिवाळीनंतर सातवर आणली होती. आणि आमचा भाग वीजगळतीचा, त्यामुळे त्याच दिवाळीनंतर संध्याकाळी सहा ते साडेनऊ लाईट जाऊ लागली होती. दुपारी तोच भाग पुन्हा दाखवायचे, तेव्हा भारनियमनाची दुसरी पाळी. वर्षभर बघितलेली मालिका एकाएकी दिसेनाशी झाली होती. "पोरीचं पुढं काय झालं ते कळायला पायजे, बाई," दानम्मा म्हणाली. कुठल्या पोरीचं, ते मी त्या दिवशी विचारलं नाही. मला वाटलं, मालिकेतल्या.

मालिकेतली पोर मैथिली. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून निघून जाते आणि तिची आई, वसुधा, मागं राहते. दानम्माची पोर अक्षता. तीही त्याच दिवाळीत घरातून गेली होती. एकोणीस वर्षांची, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला. मुलगा सिद्धांत, बौद्ध घरातला, तिच्याच कॉलेजातला, दोन वर्षांनी मोठा, मूळचा वैरागचा. दोघांनी नोंदणी लग्न केलं आणि घरी येऊन सांगितलं. आण्णा म्हणाले, "आजपासनं ही आमाला न्हाय." दानम्मा तेव्हा चुलीपुढं होती. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि काहीच बोलली नाही. लेक पाच मिनिटं तिच्याकडं बघत उभी राहिली आणि मग गेली. ही हकीकत दानम्मानं मला पुढं कितीतरी वेळा सांगितली. प्रत्येक वेळी ती भाकरी उलटल्याचं सांगायची. जळू दिली असती तर काय बिघडलं असतं, असं म्हणायची.

जायच्या आधी वर्षभर मायलेकी ती मालिका एकत्र बघायच्या. दानम्माला मराठीतलं एखादं भारी वाक्य कळलं नाही की अक्षता कन्नडमध्ये समजावून सांगायची. आण्णा पलीकडं पेपर तोंडावर धरून बसायचे आणि चोरून बघायचे. हे ऐकल्यावर माझ्याच्यानं नाही म्हणवलं नाही. मी माझे हक्काचे तीन तास देऊन टाकले.

वाचायला बसायचे ते पिठाच्या डब्यावर. चार परातींत भाकऱ्या थापल्या जात असताना वाचणं म्हणजे बँडबाजाशेजारी बसून अभ्यास करणं. मी ओरडूनच वाचायची. थापांच्या गडबडीत अर्धे शब्द बुडायचे, पण प्रसंग रंगात आला की एकेकीचा हात आपोआप थांबायचा, आणि सगळे हात थांबले की मला कळायचं की आता हळू वाचलं तरी चालेल. भाषा सुमार होती. तरी त्या पत्र्याच्या खोलीत मला कधी कंटाळा आला नाही, हे मी कबूल करते.

सहावा भाग आला तो अक्षता जाऊन सव्वा वर्ष झालं तेव्हा. त्यात मैथिली परत येते. तान्हं मूल कडेवर घेऊन आपणहून येते, बेल वाजवते, वसुधा दार उघडते. मग वसुधा शेजारणीला सांगते, "मी तिला बोलवायला गेले नाही ते बरं झालं. ती आपणहून आली. आता तिला कुणी हाकलू शकणार नाही." ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा सगळ्या परातींवरचे हात थांबले होते. एक भाकरी काळी झाली तरी कुणी बोललं नाही. दानम्मा म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचलं. पुढच्या दोन महिन्यांत ते प्रकरण मी किती वेळा वाचलं त्याची गणती नाही. नंतर नंतर बायकांना पाठ झालं होतं. हात चालू ठेवूनच त्या ऐकायच्या.

आणि त्याच दिवसांत माझ्या हातून ते घडलं.

भाकऱ्या करणाऱ्यांत सिद्धेश्वरी नावाची एक तरतरीत बाई होती. ती चार दिवस भावाकडं राहून आली. भावाचं घर शहरातल्या चांगल्या भागात, तिथं लाईट जायची नाही. आल्या आल्या म्हणाली, "मैथिली मेली की. टीव्हीत दाखवलं." एकच गलका झाला. ती म्हणे, मैथिली दाराशी येते, पण वसुधा दार उघडत नाही, आणि परत जाताना पोरीला टँकर उडवतो. कुणी म्हणालं, स्वप्न असेल, मालिकेत असलं दाखवतात. कुणी म्हणालं, सिद्धेश्वरीनं दुसरीच मालिका बघितली. सिद्धेश्वरी शपथा घ्यायला लागली. दानम्मानं हातातला गोळा परातीत ठेवला आणि माझ्याकडं वळली. "बाई, तुमी वाचनालयातल्या. तुमी सांगा. खरं कुटलं?"

त्या वेळी मी काय म्हणायला हवं होतं हे मला आता नीट माहीत आहे. मला माहीत नाही, असं म्हणायला हवं होतं. मी मालिका कधी बघितली नव्हती. पण हातात छापलेलं पुस्तक होतं, समोर टीव्हीच्या बाजूनं तावातावानं बोलणारी बाई होती, आणि टीव्हीचा मला पहिल्यापासून राग. मी मुखपृष्ठावरच्या पट्टीवर बोट ठेवलं. "अधिकृत लिहिलंय इथं. मालिकावाल्यांनी सही करून दिल्याशिवाय असं छापता येत नाही. टीव्हीवर आज एक दाखवतील, उद्या दुसरं. छापलेलं बदलत नाही. छापलेलं खरं."

सिद्धेश्वरी गप्प बसली. मी ग्रंथपाल होते ना. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत मैथिली जिवंत राहिली. आठव्या भागानंतर पुस्तकं यायची थांबली, मालिका संपली, पुढं भारनियमनही संपलं. बायका दुसऱ्या मालिका बघू लागल्या. मी दुपारची घरी जाऊन जेवू लागले. पण दानम्मानं माझा निकाल जपून ठेवला होता, हे मला कित्येक वर्षं समजलं नाही.

आण्णा पाच वर्षांनी वारले. शेवटी शेवटी त्यांनी अक्षताचं नाव काढलं होतं म्हणे, पण बोलावून घ्या असं काही म्हटलं नाही. दिवसकार्य झाल्यावर मी दानम्माला स्पष्टच विचारलं, की आता कोण अडवतंय. वैराग काय दिल्लीला आहे? तासाभराची एसटी. तिला पोरीचा पत्तासुद्धा ठाऊक होता. वैरागचा एक किराणावाला भाकरी न्यायला यायचा, त्याच्याकडून ती सगळं काढून घ्यायची. जावई शाळेत लिपिक आहे, त्यांना एक मुलगी आहे, अक्षता शिलाईकाम करते. एवढं सगळं कळायचं आणि ही आपली परातीपुढं.

"आपणहून यायला पायजे, बाई," ती म्हणाली. "बोलावून आणली तर उद्या कुणीबी उठून म्हणंल, आईनं पाय धरून आणली. मैथिली कशी आली?"

मला हसू आलं होतं. साठीला टेकलेली बाई, मालिकेतल्या पोरीचा दाखला देते. मी तिला चेष्टेनं काहीतरी म्हणालेही. आपण बोट ठेवून दिलेला निकाल ही बाई जगतेय, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. पुस्तकांच्या नोंदी चोख ठेवणाऱ्या माणसाच्या डोक्यात कधी कधी साधी गोष्ट शिरत नाही.

परवाच्या डिसेंबरात ते शिरलं.

दानम्माकडं आता चैताली नावाची मुलगी गठ्ठे बांधायला असते. जुन्या मालिका मोबाईलवर बघायचं तिला वेड. 'आभाळ अंगणीचं' एका ॲपवर आली आणि ती रोज पाच-पाच भाग संपवू लागली. एका दुपारी मी विजेचं बिल भरायला म्हणून दानम्माचा कागद घ्यायला गेले होते. चैताली सहज म्हणाली, "आजी, मैथिली मेल्यावर पुढं काय मजा न्हाय हो." दानम्मा म्हणाली, "मरत न्हाय ती. घरी येती." चैताली म्हणाली, "मरती की. सहाशे बाराव्या भागात. दाखवू?"

मी मध्ये पडायला हवं होतं, पण मलाही बघायचं होतं. इतक्या वर्षांनी सिद्धेश्वरी खरी का मी खरी, ते. तर मैथिली दाराशी येते. बेल वाजवते. आत वसुधा उठते, कडीवर हात ठेवते, आणि तो हात तसाच काढून घेते. मग रस्ता, मग टँकर. दानम्मानं ते दोनदा बघितलं. रडली नाही. मोबाईल चैतालीला परत देताना तिनं पदरानं काच पुसून दिली.

"बाई," ती मला म्हणाली, "तुमी तर म्हणला हुता, छापलेलं खरं."

मी घरी गेले आणि ती रात्र मला वाईट गेली. दुसऱ्या दिवसापासून मी शोध घ्यायला लागले. हेच मी तेव्हा करायला हवं होतं. चैतालीनं मला त्या मालिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप दाखवला. हजारो माणसं, आणि याच एका गोष्टीवर त्यांची जुंपलेली. ग्रुपचा नियम होता, पडद्यावर दिसलं तेच धरायचं, पुस्तकं धरायची नाहीत. काही जण म्हणत, जिथं मालिकेनं उलटं दाखवलेलं नाही तिथपर्यंत पुस्तकही धरायला हरकत नाही. एकानं तर वकिलासारखं लिहिलं होतं, की अधिकृत म्हणजे फक्त नाव वापरायची परवानगी, गोष्टीची हमी नव्हे. मी ते वाक्य तीन वेळा वाचलं. मी ज्या शब्दावर बोट ठेवलं होतं त्याचा अर्थ एवढाच होता.

मग प्रकाशकाचा नंबर मिळवला. म्हातारे गृहस्थ, आता धंदा बंद केलेला. त्यांनी सरळ सांगितलं. वाहिनीवाले तीन-चार महिने आधी पुढच्या कथेचा आराखडा पाठवत, त्यावरून लेखक महिन्याभरात भाग लिहून काढी. सहाव्या भागाच्या वेळी आराखड्यात मैथिली परत येणार असंच होतं. पुस्तक छापून तयार झालं, आणि इकडं मैथिलीचं काम करणारी नटी मालिका सोडून गेली. मग वाहिनीनं तिला मारून टाकलं. "आम्ही काय करणार, प्रती गोडाऊनला पडल्या होत्या. पाठवून दिल्या." मी विचारलं, मग खरं कुठलं धरायचं? ते म्हणाले, "बाई, आम्हाला जे दिलं ते आम्ही छापलं. त्यांच्या हातात जे उरलं ते त्यांनी दाखवलं."

हे सगळं मी दानम्माला जसंच्या तसं सांगितलं. सांगताना मान वर होत नव्हती. चुकले, असंही म्हणाले. तिनं भाकरी थापता थापता ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ही मला बोलेल. मला ते हवंही होतं.

"तुमचं काय चुकलं न्हाय," ती म्हणाली. "मी रातभर इचार केला. पुस्तकात पोर येती. टीव्हीत पोर मरती. पण दोनीकडं आई घरातच बसून हाय की, बाई. ती कुटं जातीया?"

तिनं हात धुतले. कोपरापर्यंत, साबण लावून. दुपारचे दोन वाजले होते, पीठ मळलेलं होतं, चुली पेटलेल्या होत्या. "सिद्धेश्वरी, तू बघ हितलं," असं म्हणून ती आत लुगडं बदलायला गेली, आणि आतूनच मला म्हणाली, "तुमी चला संगं. मला पाटी वाचता येत न्हाय."

बार्शीच्या एसटीत ती खिडकीशी बसली. वाटेत एकदाच बोलली. मी विचारलं होतं, तिला काय म्हणणार? "काय म्हणायचं? आले म्हणायचं."

वैरागमध्ये घर शोधायला त्रास पडला नाही. दारावर ब्लाऊज शिवून मिळतील अशी पाटी होती, ती मी वाचून दाखवली. दार अक्षतानंच उघडलं. चौदा वर्षांत तिच्या चेहऱ्यावरचं पोरपण पार गेलं होतं. गळ्यात टेप. आईकडं बघून ती मागं सरली, आत यायला जागा दिली आणि म्हणाली, "बस, अव्वा." जणू कोपऱ्यावरून आली होती. दानम्मा खुर्चीवर बसली नाही, शिलाई मशीनजवळ जमिनीवर बसली. सिद्धांत शाळेत होता. आतून एक तेराची मुलगी पाणी घेऊन आली. सम्यका. तिचे कान दानम्मासारखे होते. दानम्मानं पाणी घेतलं आणि पेला हातातच धरून ठेवला.

मी उगाच कापडाच्या चिंध्यांकडं बघत होते. मग दानम्मा म्हणाली, "आण्णा गेलं."

"कळलं होतं."

"आली न्हाईस."

अक्षता चिंध्या गोळा करू लागली. "दार उघडलं नसतंस तू," ती म्हणाली.

"कुनी सांगितलं तुला?"

ती ओशाळल्यासारखी हसली. आता हे बोलायला तिलाच कसंतरी वाटत होतं. तेव्हा ती बार्शीत भाड्यानं राहत होती, ती सांगू लागली. घरमालकांकडं इन्व्हर्टर होता, ती त्यांच्या दारात बसून 'आभाळ अंगणीचं' बघायची. कारण त्याच वेळी शेळगीत अव्वाही बघत असणार. रोज अर्धा तास तेवढंच वाटायचं, की दोघी एका खोलीत आहोत. एकही भाग तिनं चुकवला नाही. आणि मग तो भाग लागला. वसुधानं कडीवरचा हात काढून घेतला. "मला वाटलं, तू बघतीयस. आणि मान हलवतीयस, की बरोबर केलं बाईनं म्हणून."

दानम्मानं पेला दुसऱ्या हातात घेतला.

"तरी मी आले होते एकदा," अक्षता म्हणाली. "त्यानंतर महिन्याभरानं. ही चार महिन्यांची होती, कडेवर. दुपारची आले. दारापर्यंत आले. आत थापा चालू होत्या, आणि या मावशींचा आवाज येत होता, काहीतरी वाचत होत्या. बायका हसत होत्या मध्ये मध्ये. थापांमुळं काय वाचतायत ते कळलं नाही. मी उभी राहिले जरा वेळ. हात वर केला होता वाजवायला. मग म्हटलं, पुढं काय होतं ते आपण बघितलंय की."

दानम्मानं हातातला पेला खाली ठेवला. "लाईट न्हवती, अक्षू," ती म्हणाली.

"कधी?"

"तू बघितलंस तवा. आमच्यात लाईट न्हवती. तू गेल्यापासनं संध्याकाळची न्हवती. मी ते बघितलंच न्हाय गं. आमच्यात ती घरी आली हुती." पुढचं ती कन्नडमध्ये बोलली. भरभर, लेकीचं मनगट धरून. मला कन्नड येत नाही. पण 'बागिलु' म्हणजे दार, एवढं सोलापुरात कुणालाही कळतं, आणि तो शब्द तिच्या बोलण्यात पुन्हा पुन्हा येत होता. अक्षतानं सगळं ऐकलं. मग टेपचं टोक तोंडात घट्ट धरून ती रडली, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये तशी. सम्यका मला म्हणाली, काय झालं? मी तिला आणखी पाणी आणायला पाठवलं.

निघताना दानम्मा म्हणाली, "मी बोलवायला आलीया. ध्यानात ठेव, मी बोलवायला आले हुते." अक्षता म्हणाली, "बघते, अव्वा. ह्यांना विचारते. हिची परीक्षा झाली की बघते." न येण्याचं बघते का येण्याचं, ते तिच्या तोंडावरून कळण्यासारखं नव्हतं. चौदा वर्षांचं असं एका दुपारी सुटत नाही, हे मलाही कळतं. पण माझ्या मनात आलं, की एवढ्या सगळ्यानंतर तिनं नुसतं येते म्हणायला काय हरकत होती. मला राग आला आणि तो कुणावर काढावा हे समजेना.

परतीच्या एसटीत गर्दी होती. एकाला उठवून मी दानम्माला जागा करून दिली, नंतर मलाही शेजारी मिळाली. ती बाहेर बघत होती. ऊन कलायला लागलं होतं आणि रस्त्यालगतच्या रानात ज्वारी हुरड्याला आली होती.

"दाराला कडी लावत न्हवते मी," ती म्हणाली. "चार चुलींचा धूर. कडी कोन लावतंय? नुसतं लोटलेलं असायचं."

"माहीत आहे मला."

"बोट लावलं असतं तरी उघडलं असतं."

थोड्या वेळानं तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "बाई, त्या दिवशी तुमी काय वाचत हुता?"

तो फेब्रुवारी होता. पुस्तकाचा सहावा भाग येऊन महिना झाला होता आणि त्या महिन्यात बायकांनी माझ्याकडून दुसरं काहीच वाचून घेतलं नव्हतं. मैथिली मूल कडेवर घेऊन दाराशी येते, बेल वाजवते, आणि तिची आई उठून दार उघडते. रोज तेच. बायकांना पाठ झालं होतं, म्हणून कुणाचे हात थांबत नव्हते. पहिल्या दिवसासारखे थांबले असते, तर दाराबाहेर उभ्या असलेल्या पोरीला शब्दन् शब्द ऐकू गेला असता.

"आठवत नाही, दानम्मा," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. "व्हय," ती म्हणाली. "लई दिस झालं की."